चौकस बाळ, बेबी कॅरिअर आणि अंगावर घेण्याच्या पद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिअरमध्ये घातलं की गुपचूप झोपणारं बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यात एकदम मान मागे टाकून, तुमच्या छातीवर हात रेटून बाहेर डोकवायला लागतं. ह्याला आता कॅरिअर आवडेनासा झाला, असं वाटून कितीतरी घरांत तो कपाटात जातो. बहुतेक वेळा बाळाला कॅरिअर नको नसतो, त्याला फक्त बघायचं असतं. इथले बरेचसे प्रश्न त्याच वयाचे आहेत. तान्ह्या बाळांबद्दलही थोडं लिहिलं आहे, कारण श्वास आणि मान यांबद्दलची काळजी तिथूनच घ्यावी लागते.

बाळाला सारखं बाहेर बघायचं असतं. मग तोंड बाहेर करूनच घ्यावं का?

लगेच नको. आधी बाळ किती उंचीवर बसलंय ते बघा. बऱ्याचदा ते इतकं खाली असतं की त्याच्या डोळ्यांसमोर तुमच्या सदऱ्याच्या बटणांशिवाय काही नसतं. कंबरपट्टा थोडा वर बांधा, बाळाचं डोकं तुमच्या हनुवटीच्या अगदी खाली येऊ द्या. एवढ्या बदलानेच ते डावीउजवीकडे मान वळवून खोली न्याहाळायला लागतं.

दुसरी युक्ती त्याहून सोपी आहे. जे दाखवायचंय त्याच्यासमोर तोंड करून उभे राहू नका, अंग आडवं करा. खिडकीशी उभे असाल तर तुमचा खांदा काचेकडे असू दे. बाळाचा गाल तुमच्या छातीला टेकलेला राहतो आणि डोळे सरळ बाहेर जातात. थोड्या वेळाने पाय बदला, दुसरा खांदा खिडकीकडे करा. म्हणजे मान एकाच बाजूला वळलेली राहत नाही.

एवढं करूनही बाळ कुरकुरत असेल तर त्याला कडेवर घ्या, आणि नीट बसायला लागलं असेल तर पाठुंगळीला. तोंड बाहेर करून घेणं ही शेवटची पायरी, तीही थोड्या वेळासाठी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : बाळाला बघायची सोय हवी तशीच नको झालं की तोंड लपवायची जागाही हवी. कडेवर आणि पाठीवर दोन्ही मिळतं. तोंड बाहेर केलं की पहिली गोष्ट भरपूर मिळते, दुसरी अजिबात नाही.

तोंड बाहेर करून घ्यायचं तर कधीपासून आणि किती वेळ?

मान पूर्ण सावरता आली पाहिजे. दोन-चार क्षण नाही, हलत्याचालत्या अंगावरही. आणि कॅरिअरच्या पुढच्या कापडाची वरची कड बाळाच्या हनुवटीच्या खाली राहिली पाहिजे, तोंडाशी यायला नको. खुब्यांच्या वाढीवर काम करणारी इंटरनॅशनल हिप डिस्प्लेसिया इन्स्टिट्यूट पहिले सहा महिने बाळाचं तोंड आपल्याकडेच ठेवायला सुचवते. म्हणून मान लवकर धरली तरी घाई करू नये.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पोट भरल्यावर लगेच असं घेऊ नका, पुढच्या कापडाचा दाब थेट पोटावर येतो. डोळे मिटायला लागले की बाळाला आपल्याकडे वळवा. बाहेर तोंड असताना झोप लागली तर डोकं पुढे लोंबतं आणि हनुवटी छातीत रुतते. आणखी एक, ह्या पद्धतीत बाळाचे हात सगळ्याच्या पुढे असतात. टेबलावरचा गरम कप तुमच्या आधी त्याच्या हाताला लागेल.

सगळ्या कॅरिअरमध्ये ही सोय नसते. ज्याच्या माहितीपत्रकात ही पद्धत दाखवलेलीच नाही, त्यात ती करून बघू नका.

बाळ बघून बघून दमलंय हे कसं कळणार? ते तर रडत नाही.

रडणं हा अगदी शेवटचा इशारा असतो. त्याआधी बाळ बरंच काही सांगून जातं. नजर एका जागी थिजते किंवा बाळ मुद्दाम दुसरीकडे बघायला लागतं. बोटं ताठ पसरतात, भुवया आक्रसतात, पाठ कमानीसारखी ताणली जाते. उचक्या लागतात, जांभया येतात. गर्दीत किंवा गोंगाटात अगदी गप्प झालेलं बाळ 'किती शहाण्यासारखं बघतंय' असं वाटतं, पण ते भांबावलेलंही असू शकतं. त्याचं तोंड तुमच्या बाजूला असेल तर ते गाल टेकून डोळे मिटतं आणि त्याचा प्रश्न सुटतो. तोंड बाहेर असेल तर वळवण्याचं काम तुमचं. पण त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नाही, म्हणून मधूनमधून आरशात बघा किंवा सोबतच्या माणसाला विचारा.

कडेवर घेण्यासाठी वेगळा कॅरिअर लागतो का?

रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांमधून ओवून एका खांद्यावर घ्यायची कापडाची पट्टी, त्यासाठी सर्वांत सोयीची. काही बकलचे कॅरिअरही बाजूला सरकवता येतात. बाळाचं धड आपलं आपण ताठ राहायला लागलं की, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून, चौकस बाळासाठी माझी पहिली पसंती कडेलाच असते. तुम्ही जे बघता ते त्याला दिसतं, तुमचा चेहराही दिसतो, आणि कोणी अनोळखी माणूस जवळ आला की काखेत तोंड खुपसता येतं. तुम्ही बोलताना ते तुमचे ओठ बघतं, मग तुम्ही बोट दाखवाल तिकडे वळतं. ही येजा ह्या वयात फार मोलाची असते.

तोटा एकच, सगळा भार एका खांद्यावर येतो. बाजू बदलत राहा. अर्ध्या-पाऊण तासापेक्षा लांबच्या फेरीला दुसरं काहीतरी बरं.

पाठुंगळीला कधीपासून घेता येतं?

बकलच्या कॅरिअरमध्ये, बाळ आधाराशिवाय बसायला लागलं की. बहुतेक बाळं सहा ते आठ महिन्यांत तिथे पोचतात. पाठीवर बाळ दिसत नाही, म्हणून त्याने स्वतः डोकं आणि धड सावरणं गरजेचं असतं. उंच बांधा. तुमच्या खांद्यावरून त्याचे डोळे पुढे बघत असले पाहिजेत. खाली बांधलं तर त्याला तुमची पाठच दिसते, आणि ते दोन्ही बाजूंनी वाकून तुमचा तोल घालवतं.

पहिल्यांदा करताना पलंगाच्या कडेवर बसून करा आणि शेजारी कोणाला तरी उभं करा. हात बसेपर्यंत उभ्याने एकट्याने बाळ पाठीवर टाकायला जाऊ नये.

कॅरिअरचे इतके प्रकार आहेत. नेमका कुठला घ्यावा?

तुम्ही दोघं-तिघं मिळून वापरणार असाल, पट्टे पटकन लहानमोठे करायचे असतील आणि बांधाबांधीचा कंटाळा असेल तर बकलचा मऊ कॅरिअर. बहुतेकांचं काम त्यावर भागतं. घेताना बसण्याची जागा लहानमोठी करता येते का ते बघा. पहिल्या महिन्यातलं बाळ आणि दहा महिन्यांचं बाळ यांच्या मांड्यांच्या लांबीत भलताच फरक असतो.

ताणणारा रॅप, म्हणजे मऊ होजिअरीसारख्या कापडाची लांब पट्टी, पहिल्या तीन-चार महिन्यांत फार छान वाटतो. आठ-नऊ किलोच्या आसपास गेलं की कापड वजनाने खाली येतं आणि बाळ पोटापाशी पोचतं. धडपडणाऱ्या, मागे रेलणाऱ्या बाळाला तो पुरत नाही, आणि ताणणाऱ्या कापडात पाठीवर घेणं सुरक्षित नाही. न ताणणारा विणलेला रॅप मात्र जन्मापासून दोन-तीन वर्षांपर्यंत चालतो, हव्या त्या पद्धतीने बांधता येतो, आणि भार इतका सारखा वाटला जातो की एकदा हात बसला की दुसरं काही नको वाटतं. हात बसायला मात्र वेळ लागतो. बाळ रडत असताना साडेचार मीटर कापडाशी झुंजणं सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मेई ताई म्हणजे मधे चौकोनी कापड आणि चार लांब बंद. बकल नाहीत, त्यामुळे बारीक आणि स्थूल दोन्ही अंगांना बसतो. डोंगरवाटांसाठी धातूच्या चौकटीचे पाठीवरचे कॅरिअर मिळतात. त्यात बाळ उंच बसतं, भरपूर बघतं. पण ते स्वतंत्र बसायला लागलेल्या बाळांसाठीच, आणि घरात त्यांचा उपयोग नाही.

विकत घेण्याआधी बाळासकट अंगावर चढवून बघा, निदान पंधरा मिनिटं. नुसता हातात धरून किंवा चित्र बघून काही कळत नाही. एकाला चांगला वाटलेला कॅरिअर दुसऱ्याच्या खांद्यांना बोचू शकतो. शरीरं वेगळी असतात.

पाय कसे असले पाहिजेत?

बेडकासारखे. गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, मांड्या बाजूला फाकलेल्या आणि एका गुडघ्याच्या मागच्या खळीपासून दुसऱ्या खळीपर्यंत कापडाचा आधार. पहिल्या सहा महिन्यांत हे जास्त महत्त्वाचं, कारण तेव्हा खुब्याची वाटी अजून घडत असते. बाळ बसवल्यावर त्याच्या गुडघ्यांखाली हात घालून ढुंगण हलकेच खाली आणि तुमच्या बाजूला सरकवा. पाठीला नैसर्गिक गोलाई येते, गुडघे वर येतात.

अरुंद कॅरिअरमध्ये पाय सरळ लोंबले म्हणून निरोगी खुबा बिघडतोच असं नाही. पण घरात कोणाला जन्मतः खुब्याचा त्रास असेल किंवा बाळ पायाळू असेल, तर रुंद बैठकीचाच कॅरिअर घ्या आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. वर्षाच्या आसपास पाय इतके लांब होतात की कापड खळीपर्यंत पोचत नाही. तेव्हा अर्ध्याहून जास्त मांडीला आधार असला की झालं.

गुदमरण्याची भीती वाटते. नक्की काय बघायचं?

ही भीती खोटी नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला, तेव्हा आधीच्या २० वर्षांतले किमान १४ मृत्यू त्यांच्या तपासात होते आणि त्यांतली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. त्यांनी दोन धोके सांगितले. कापड नाकातोंडावर दाबलं जाणं हा एक. दुसरा जास्त फसवा : बाळ झोळीत मुटकुळं होऊन पडतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि त्याला रडताही येत नाही.

म्हणून तान्ह्या बाळाला उभंच घ्या, आडवं झोळीत टाकू नका. कॅरिअर घट्ट हवा, कारण सैल असला की बाळ घसरून मुटकुळं होतं. तुम्ही मान खाली घातली की त्याचा चेहरा दिसला पाहिजे, त्यावर कापड नको. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची दोन बोटं मावतील एवढी जागा ठेवा. डोक्याचा मुका सहज घेता यावा इतकं ते वर असावं. आणि पाठीवर तळवा ठेवून हलकेच दाबलं तर बाळ तुमच्याकडे ढासळता कामा नये. ढासळलं तर पट्टे अजून सैल आहेत.

चार महिन्यांच्या आतलं बाळ, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, आणि सर्दीने नाक चोंदलेलं बाळ, यांच्याकडे सारखं लक्ष हवं. घोरल्यासारखा, घुरघुर आवाज आला तर लगेच बाहेर काढा.

कमी दिवसांच्या बाळाला घेता येतं का?

बाळाच्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच. उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची कांगारू पद्धत बोगोटा शहरात १९७८ मध्ये एदगार रे ह्या डॉक्टरांनी सुरू केली, आणि जागतिक आरोग्य संघटना आज कमी वजनाच्या बाळांसाठी रोज ८ ते २४ तास तिची शिफारस करते. पण ती देखरेखीखाली शिकवली जाते. बाजारातल्या कॅरिअरवर किमान वजन लिहिलेलं असतं, बऱ्याचदा सव्वातीन ते साडेतीन किलोच्या आसपास. त्याखालच्या बाळासाठी तो कॅरिअर नाहीच.

माझी पाठ आणि खांदे भरून येतात. कॅरिअर चुकीचा आहे का?

कदाचित. पण आधी बांधणी तपासा, कारण दहातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

कंबरपट्टा आधी, बाळाला घेण्यापूर्वी. तो खुब्याच्या हाडांच्या वर, आडवा सरळ बसला पाहिजे. पुढून खाली ओघळलेला नको. चांगला आवळा, कारण वजन पेलायचंय ते त्याने, खांद्यांनी नाही. मग बाळ छातीशी धरा, कापड वर ओढा, खांद्याचे पट्टे चढवा. पाठीवरचा आडवा पट्टा खांद्याच्या पात्यांच्या मधोमध असावा. तो मानेजवळ गेला की मान धरते, खाली गेला की खांद्याचे पट्टे दंडांवर घसरतात. आता एक हात बाळाच्या ढुंगणाखाली घालून त्याला बोटभर उचला आणि दुसऱ्या हाताने खांद्याचा पट्टा ओढा. बाळाचं वजन पट्ट्यावर असताना नुसतं ओढून तो आवळत नाही, आणि हीच पायरी लोक गाळतात. दोन्ही बाजू झाल्या की पाच मिनिटं चाला आणि पुन्हा आवळा.

तरीही दुखत असेल तर बाळ छातीपासून लांब लटकत असेल किंवा पाठीवर जायच्या वजनाचं झालं असेल. आठ-नऊ किलोचं, हातपाय मारणारं बाळ पुढे घेऊन तासभर चालणं कोणाच्याही पाठीला जड जातं. सिझेरियन झालं असेल तर टाका दाबला जाणार नाही असा उंच कंबरपट्टा किंवा रॅप घ्या आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. ओटीपोटात खाली ओढ जाणवली तर बाळ उतरवा. ती ओढ सोसत राहायची नाही.

बाळ पाय ताठ करून कॅरिअरमध्ये उभं राहायला बघतं. काय करू?

तुमच्या मांडीवर किंवा पोटावर त्याचे तळवे टेकत असतील तर ते रेटणारच. उंच घ्या, टेकायला काही मिळणार नाही. घालताना ते ताठ झालं तर जोर लावू नका. थोडं डोला, एखादी गोष्ट दाखवा, अंग सैल पडलं की गुडघे वर सरकवा. रोज ठराविक वेळी असं होत असेल तर त्याला जमिनीवर सोडा. रांगायला निघालेल्या बाळाला कधीकधी अंगावर नसणंच हवं असतं.

हात आत की बाहेर?

कापडाची वरची कड काखेशी येत असेल आणि मान पक्की असेल तर बाहेर. त्याआधी आत, कोपर दुमडून, मुठी तोंडाजवळ.

अंगावर घेतल्याने रडणं खरंच कमी होतं का?

माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी केलेला, १९८६ मध्ये छापून आलेला एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. ज्या आयांना रोजच्यापेक्षा जास्त वेळ, दिवसाला किमान तीन तास, बाळाला घ्यायला सांगितलं होतं, त्यांची बाळं सहा आठवड्यांच्या वयात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. संध्याकाळी तर ५१ टक्के कमी. पण पोटशूळाने आधीच खूप रडणाऱ्या बाळांवर नंतर झालेल्या प्रयोगात असा फरक दिसला नाही. म्हणजे घेतल्याने बऱ्याच बाळांना बरं वाटतं, पण घेऊनही तुमचं बाळ रडत असेल तर त्यात तुमचं काही चुकत नाही.

कॅरिअरमध्ये झोपलं तर तसंच ठेवू की खाली ठेवू?

दोन्ही चालतं, नाकतोंड मोकळं आणि हनुवटी वर असेल तर. तुम्हीही पेंगत असाल तर मात्र लगेच खाली, उताणं, सपाट अंथरुणावर. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक उपयोगी गोष्ट मांडली : रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटं घेऊन चालायचं, मग झोपल्यावर पाच ते आठ मिनिटं घेऊन नुसतं बसायचं आणि नंतर खाली ठेवायचं. आपल्या अंगापासून सुटण्याच्या क्षणी बाळं जागी होतात, आणि तोवर झोप मुरलेली असली तर टिकते.

सतत घेतल्याने सवय लागेल, आळशी होईल, असं घरचे म्हणतात.

घेतलेलं बाळ आळशी होत नाही. ते डोकं सावरतं, तोल सांभाळतं, पकडून राहतं. पण कॅरिअर जमिनीची जागा घेऊ शकत नाही. पालथं पडणं, लोळणं, सरकणं ह्याला रोज जागेपणी सपाट जमीन हवीच.

कपडे किती घालायचे?

कॅरिअर हा एक कपडा धरा, आणि तुमच्या अंगाची ऊब दुसरा. मानेच्या मागे बोट लावून बघा. घाम आला असेल तर एक थर काढा. हातपाय थंड लागले म्हणून आत गुंडाळू नका, ते तसे लागतातच. थंडीत मोजे वेगळे घाला. पाऊल झाकणारा अंगरखा असेल तर तो एक माप मोठा हवा, नाहीतर बसल्यावर बोटं ओढली जातात. उन्हात टोपी घाला, पण चेहऱ्यावर दुपटं टाकू नका.

कॅरिअरमध्येच दूध पाजू का?

पाजता येतं, पण शिकून. पट्टा सैल करून बाळ खाली घ्यावं लागतं, आणि पिऊन झाल्यावर त्याला पुन्हा वर घेऊन आवळायचं असतं. लोक विसरतात ते इथेच. पाजत असताना चालू नका, चेहरा सतत दिसू द्या.

कॅरिअर घालून काय करू नये?

गॅसजवळ काम, गरम पेय, सुरीने चिरणं. सायकल, धावणं, उड्या. गाडीत बसताना तो बाळाच्या कार सीटच्या ऐवजी कधीच नाही. खाली पडलेलं उचलायचं तर एक हात बाळाच्या पाठीवर ठेवून गुडघ्यात वाका, कमरेत नाही.

दुसऱ्याने वापरलेला घेतला तर?

खुशाल. उजेडात प्रत्येक शिवण ओढून बघा, बकल दहा वेळा लावा-काढा, रिंगवर जोड किंवा चीर नाही ना ते नखाने चाचपा. आधीच्या माणसाकडून माहितीपत्रक मागून घ्या, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. बाळं पट्टे चोखतात, म्हणून घरी आल्यावर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

कधी थांबायचं?

कॅरिअरवर लिहिलेली वजनाची मर्यादा आली की तो कॅरिअर थांबवा. बाळाने चालायला लागल्यावर नको म्हटलं तर घरात थांबवा, पण लांबच्या फेरीला पिशवीत टाकायला विसरू नका. जाताना पळणारं मूल येताना बहुधा पाठीवर चढायला मागतं.